हाताला लागलेला चेंडू

ही हकीकत मी आजवर तीन वेळा लिहायला बसलो आणि तिन्ही वेळा दुसरंच काहीतरी लिहून दिलं. एका वर्षी सिंगापुरात मिळणाऱ्या आंब्यांवर लिहिलं, एका वर्षी आमच्या बुकित पंजांगच्या एलआरटीवर, म्हणजे छोट्या रेल्वेवर, आणि एकदा चक्क माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनवर. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादिका दर जुलैत फोन करतात. "दामलेकाका, ते तुमचं बेसबॉलचं लिहा ना, लोकांना गंमत वाटेल." गंमत आहे त्यात, नाही असं नाही. पण गंमत सांगितली की पुढचंही सांगावं लागतं आणि ते मी टाळत आलो.

आता पंचाहत्तरी उलटली, तेव्हा सरळच सांगतो. मी केलेल्या एका नियमामुळे अमेरिकेतल्या एका खेळाडूची जागा गेली. आणि वेळेला तोंड उघडलं नाही म्हणून आमच्या ऑफिसातल्या शुभदा काळेची नोकरी गेली. दोन्हींत माझं नाव कुठे आलं नाही. ते यायला हवं होतं.

दोन हजार सालानंतरची पाच-सहा वर्षं मी तांजोंग पगारच्या एका जुन्या शॉपहाऊसमध्ये काम केलं. खाली लग्नाचे पांढरे झगे भाड्याने देणारं दुकान, वर आमचं ऑफिस. मालक मिस्टर ऑन्ग. त्यांचा मूळ धंदा टीव्हीवरच्या जाहिरातींवर नजर ठेवण्याचा. ठरलेल्या वेळी ठरलेली जाहिरात लागली की नाही, हे माणसं बसवून बघायचं आणि टिपून ठेवायचं. दिवसभर टीव्ही बघायचा पगार मिळतो, हे माझ्या बायकोला अजूनही पटलेलं नाही.

एके दिवशी ऑन्गसाहेबांनी मला बोलावलं. अमेरिकेतल्या एका बेसबॉल क्लबाचं काम मिळालं होतं. क्लबाच्या खालच्या संघांच्या सामन्यांचं चित्रण तबकड्यांवर भरून कुरियरने येणार. आम्ही ते बघायचं आणि प्रत्येक चेंडूला काय घडलं ते कॉम्प्युटरवर भरायचं.

"मिस्टर दामले, तुम्हाला बेसबॉल येतं की नाही?"

"क्रिकेट येतं," मी म्हटलं.

"सेम-सेम लाह. बॅट आहे, बॉल आहे."

एवढ्या पात्रतेवर मी बेसबॉल विभागाचा प्रमुख झालो. हाताखाली सहा जण. त्यांतल्या पाच जणांनी आयुष्यात बेसबॉलचा एकही सामना बघितला नव्हता आणि सहाव्याने एक सिनेमा बघितला होता.

खेळ आम्ही महिन्याभरात शिकलो. समजायला वेळ लागला तो त्यामागचा कारभार. मातीच्या मडक्यांची उतरंड रचतात ना, तसा तो असतो. टोकावर एक लहानसं मडकं, म्हणजे टीव्हीवर दिसणारा मोठा संघ. त्याच्याखाली त्याच क्लबाचे पाच-सहा संघ, एकाखाली एक. सगळ्यात तळाशी शाळेतून नुकतीच आलेली आणि बेटांवरच्या गरीब देशांतून उचललेली मुलं. त्यांच्यावर ए, त्यावर डबल ए, मग ट्रिपल ए. तळातली बहुतेक मुलं टोकाला कधीच पोचत नाहीत. हे सगळ्यांना माहीत असतं आणि प्रत्येकाला वाटतं की आपण पोचणार.

खालचे संघ लहान लहान गावांत खेळतात. तिथला स्थानिक मालक मैदान सांभाळतो आणि शेंगदाणे विकतो. खेळाडू त्याचे नसतातच, ते वरच्या क्लबाचे. कोणाला खेळवायचं, कोणाला बसवायचं, हे वरून येतं. त्यामुळे सामना जिंकणं दुय्यम. एखादा गोलंदाज मार खात असतो, तरी त्याला बदलत नाहीत, कारण आज त्याने फक्त संथ चेंडू टाकायचा सराव करायचा, असं वरून ठरलेलं असतं. गावकरी प्रेक्षक बिचारे हरताना बघून मनापासून ओरडतात. आम्हाला ते ओरडणं ऐकून वाईट वाटायचं. त्यांना कोणी सांगितलेलंच नसायचं की इथे परीक्षा चालली आहे, सामना नाही.

परीक्षाही प्रत्येक पायरीवर वेगळी. तळाशी बघतात ते एवढंच, की घर सोडून, बसमध्ये झोपून, रोजच्या रोज खेळणं मुलाला झेपतं का. डबल ए ही खरी चाळण. तिथले गोलंदाज वळणारा चेंडू हवा तिथे टाकतात. नुसत्या सरळ, वेगवान चेंडूंवर वाढलेला फलंदाज तिथे दोन आठवड्यांत उघडा पडतो. ट्रिपल ए म्हणजे स्टेशनवरचं प्रतीक्षागृह. निम्मे वर जाण्याच्या निरोपाची वाट बघत असतात, निम्मे वरून परत आलेले असतात.

क्लबातर्फे आमच्याशी बोलणारे गृहस्थ होते मिस्टर हॉल्कम. खेळाडू घडवण्याच्या खात्यातले. आमच्या सकाळी त्यांचा फोन यायचा आणि कामाचं संपलं की ते रंगात येऊन काहीबाही सांगायचे. एकदा त्यांनी सांगितलं की मोठ्या संघातल्या खेळाडूला दुखापतीनंतर चार दिवस खालच्या संघात खेळायला पाठवतात, आणि रिवाज असा की त्याने तिथल्या सगळ्या पोरांना चांगलंचुंगलं जेवण द्यायचं.

शुभदा म्हणाली, "आपल्याकडे वर गेल्यावर पेढे देतात. ह्यांच्यात खाली आल्यावर."

शुभदाबद्दल आता सांगतो. नाशिकची, तेव्हा चौतिशीची. एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरी असेपर्यंतच इथे राहण्याच्या परवान्यावर, आली होती. नवरा निखिल तिच्या पासच्या आधाराने राहायचा आणि नोकरी शोधायचा. मुलगी सई इथल्या प्रायमरी शाळेत. सेम्बावांगला भाड्याचा फ्लॅट. ऑफिसात मला 'सर' म्हणायची, डबा उघडला की 'काका'. आम्ही दोघंच मराठी, त्यामुळे तिच्या डब्यातल्या थालीपिठावर माझा हक्क आहे असं मी धरून चालत असे.

तिच्यासारखी नजर मी दुसरी पाहिली नाही. ए संघातला एक तरुण गोलंदाज होता. त्याचे आकडे उत्तम चालले होते. शुभदाने शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'वळणारा चेंडू टाकल्यावर उजवा हात मांडीजवळ नेऊन झटकतो. गेले तीन सामने. आधी झटकत नव्हता.' मी म्हटलं, "अगं, मुंग्या आल्या असतील." ती म्हणाली, "सर, मुंग्या फक्त वळणाऱ्या चेंडूलाच कशा येतील?" शेरा तसाच गेला. पंधरा दिवसांनी हॉल्कम फोनवर. मुलाचं कोपर आतून फाटत आलं होतं आणि संघातून काढतील म्हणून तो दुखणं लपवत होता. वेळेवर कळलं, ऑपरेशन झालं, पुढच्या वर्षी तो पुन्हा खेळायला लागला.

"हे कोणी टिपलं?" हॉल्कमनी विचारलं.

"आमच्या टीमने," मी म्हटलं.

खोटं नव्हतं ते. पण तेव्हाच मला समजायला हवं होतं की मी कसा माणूस आहे. त्या दुपारी सगळ्यांना हॉकर सेंटरला, खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, नेऊन चेंडॉल हा नारळाच्या दुधातला बर्फाळ गोड पदार्थ खाऊ घातला. शुभदाला दुसरी वाटीसुद्धा घ्यायला लावली. हे मला आठवतं, कारण मनातल्या मनात मी तेवढ्यावर हिशेब मिटवला होता.

आता माझ्या नियमाकडे येतो.

पुण्यात असताना पंधरा वर्षं मी आमच्या क्लबाची क्रिकेटची वही लिहिली. सामना संपला की कप्तान विचारायचा, "दामले, आज कोणी किती सोडले?" मैदानावर त्याचं एकच माप होतं: चेंडू हाताला लागला आणि खाली पडला म्हणजे झेल सुटला. कितीही सूर मारलेला असो. हाताला लागला ना? मग घ्यायला हवा होता. यावर कोणी वाद घालत नसे. सोडणारासुद्धा मान खाली घालून पुढच्या षटकाला उभा राहायचा.

हॉल्कमना क्षेत्ररक्षकांचा एक वेगळा तक्ता हवा होता. त्यांची सूचना अशी: साधारण खेळाडूला साधारण प्रयत्नाने जमलं असतं आणि ह्याला जमलं नाही, तरच चूक धरा. मला हे भोंगळ वाटलं. साधारण खेळाडू म्हणजे कोण? सहा जण सहा तऱ्हेने भरतील. म्हणून आमच्यासाठी मी जी माहितीपुस्तिका केली होती, तिच्या चौदाव्या पानावर मी नियम आवळून घेतला: चेंडू हातमोज्याला लागला आणि सुटला, तर चूक. लागलाच नाही, तर चूक नाही. झालं. सहाही जणांच्या नोंदी तंतोतंत जुळायला लागल्या. हॉल्कमनी कौतुकाचं पत्र पाठवलं, ऑन्गसाहेबांनी ते फ्रेम करून भिंतीला लावलं. नियम बदलल्याचं मी हॉल्कमना कळवलं नव्हतं. मला वाटलं, मी तो सुधारला आहे.

त्या वर्षी डबल ए संघात शॉर्टस्टॉपच्या जागेवर दोन मुलं आलटून पालटून खेळत होती. धाव काढताना जे चार थांबे गाठायचे असतात, त्यांतल्या दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधली ही जागा. मैदानातले सगळ्यात अवघड चेंडू तिथेच येतात. दोघांतला एक वर जाणार, एकाला बहुधा निरोप. एक आठ नंबरचा, उंच, नीटनेटका. दुसरा बारा नंबरचा, बावीस वर्षांचा, कुठल्याशा बेटावरचा, अंगाने काडी. तो इतका सरसर पळायचा की शुभदाने त्याचं नाव खारूताई ठेवलं. आमचे चिनी सहकारीही "करुताई, करुताई" म्हणायला लागले. त्याच्या तबकड्या बहुतेक शुभदाच भरायची.

जुलै संपता संपता ती माझ्या टेबलाशी आली. "सर, पाच मिनिटं येता? एक दाखवायचंय."

तिने दोन तुकडे एकापाठोपाठ लावले. पहिल्यात चेंडू जमिनीवरून सणसणत आठ नंबरच्या उजवीकडून गेला. तो दोन पावलं गेला आणि थांबला. दुसऱ्यात तसाच चेंडू, तीच जागा. बारा नंबरने अंग झोकून दिलं, चेंडू मोज्याच्या टोकाला लागला आणि घरंगळला.

"आठच्या नावावर काही नाही. बाराच्या नावावर चूक," ती म्हणाली. "असे एकवीस आहेत. मी काढून ठेवलेत. सर, जो पळत नाही तो आपल्या तक्त्यात चांगला ठरतोय."

मला ते त्या क्षणी कळलं. हे मी आज प्रामाणिकपणे सांगतो. माझी समजूत पटायला वेळ लागला, वगैरे काही नाही. तिने थांबवलेल्या चित्राकडे बघतानाच मला कळलं.

मी म्हटलं, "नियम सगळ्यांना सारखा आहे ना?"

"सारखा आहे, पण चुकीचा आहे."

"आणि आता बदलला तर एप्रिलपासूनच्या सगळ्या तबकड्या पुन्हा बघाव्या लागतील. हॉल्कमना काय सांगायचं? पाठवलं ते विसरा?"

"मी बघते पुन्हा. शनिवारी येईन. निखिल आहे सईला बघायला." मग आवाज उतरवून म्हणाली, "काका, त्या पोराचं सगळं ह्या कागदांवर आहे हो."

डबा उघडलेला नव्हता, तरी ती काका म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने हाताने लिहिलेला एक कागद आणून दिला. एकवीस चेंडू, कुठली तबकडी, कुठलं मिनिट, आणि खाली दोन ओळी: 'पान चौदावरचा नियम क्लबाच्या सूचनेशी जुळत नाही. अहवाल जाण्याआधी दुरुस्ती व्हावी.' खाली सही. मी त्यावर पेन्सिलने 'नंतर बघू' लिहिलं आणि खणात टाकला. भिंतीवर ते फ्रेम केलेलं पत्र होतं, रोज डोळ्यांसमोर.

सप्टेंबरात सामने संपले आणि अहवाल गेला.

मार्चमध्ये क्लबाचं शिबिर असतं. तिथून खेळाडूंना वेगवेगळ्या पायऱ्यांवर वाटतात आणि काहींना घरी पाठवतात. मॅनेजर खोलीत बोलावतो, दोन वाक्यं बोलतो, आणि खेळाडू त्याच दिवशी आपला कप्पा रिकामा करतो. आम्हाला फक्त नवी यादी यायची. आठ नंबर ट्रिपल एला गेला होता. बारा नंबरचं नाव कुठल्याच संघात नव्हतं.

शुभदाने यादी दोनदा वाचली. त्या दिवशी तिने डबा खिडकीशी बसून एकटीने खाल्ला.

त्याच आठवड्यात मी गुपचूप चौदावं पान बदललं. क्लबाच्या सूचनेतलं वाक्य जसंच्या तसं घातलं आणि सगळ्यांच्या पुस्तिकांमधली जुनी पानं काढून नवी लावली. विचारलं त्याला सांगितलं, छपाईतली दुरुस्ती आहे. यापुढे तरी बरोबर व्हावं, एवढाच हेतू होता. पण त्या हेतूने पुढे काय केलं ते ऐका.

मे महिन्यात हॉल्कमच्या जागी नवे गृहस्थ आले. त्यांनी मागच्या वर्षीचे सामने स्वतः बसून बघितले. मग ऑन्गसाहेबांना त्यांचा फोन आला. "आमच्याच सूचनेविरुद्ध नोंदी कशा भरल्या? आणि त्यावर आम्ही एका मुलाला सोडलं. हे कोणी केलं?"

ऑन्गसाहेबांनी मला आणि शुभदाला खोलीत बोलावलं. टेबलावर माझी पुस्तिका उघडी, पान चौदा, बरोबर नियम. शेजारी बारा नंबरच्या नोंदींचे कागद, प्रत्येकावर भरणाऱ्याची अक्षरं: एस. के. तक्रार बाराबद्दल होती, म्हणून बाकीच्यांच्या नोंदी कोणी उघडल्याच नव्हत्या.

"रूल बरोबर आहे," ऑन्गसाहेब म्हणाले. "एन्ट्री चूक आहे. मिस्टर दामले, हाऊ कम?"

शुभदाने पुस्तिकेकडे बघितलं. मग माझ्याकडे. ऑन्गसाहेबांना कळू नये म्हणून नव्हे, घाबरली म्हणून असेल, ती मराठीत बोलली. "सर, तो माझा कागद?"

मी इंग्रजीत म्हणालो, "व्हिच पेपर?"

तिने पुस्तिका मिटली. ऑन्गसाहेबांनी विचारलं, हिला नियम समजला नसेल का? मी म्हटलं, मन लावून काम करते, पण ह्या बाबतीत तसं झालं असेल. एवढंच बोललो.

मला काय भीती होती? हे मी स्वतःला बरेचदा विचारलं आहे. मी पीआर, म्हणजे इथला कायमचा रहिवासी होतो, बुकित पंजांगचा फ्लॅट स्वतःचा होता, निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. मला काढलं असतं तर मी लवकर घरी बसलो असतो, एवढंच. तिचं सगळं घर एका पासवर उभं होतं आणि पास नोकरीवर. माझं फक्त नाव जाणार होतं. सांभाळून लिहिणारा दामले, एवढंच नाव. ते वाचवलं.

तिची नोकरी गेली. पास रद्द झाल्यावर महिनाभरात देश सोडायचा होता.

जूनमध्ये एका शनिवारी दुपारी मी खणातला कागद खिशात घातला आणि सेम्बावांगला निघालो. एलआरटीने चोआ चू कांग, तिथून एमआरटीची मेट्रो. वाटेत काय बोलायचं ते ठरवत होतो. वुडलँड्स येईपर्यंत वाक्यं पाठ झाली होती. तिला दाखवून मग तो कागद सोमवारी ऑन्गसाहेबांपुढे ठेवायचा, असंही ठरवलं होतं.

दार निखिलने उघडलं. "या काका, या. बसायला खोकंच आहे." चेहऱ्यावर काही नव्हतं. तिने त्याला माझं नाव सांगितलेलं नाही, हे माझ्या लक्षात आलं. भांडी बांधून झाली होती, म्हणून शुभदाने कागदी पेल्यात चहा दिला. सई खोक्यांवर स्वतःचं नाव लिहीत होती. मान वर करून म्हणाली, "अंकल, यू कम टू से बाय-बाय, इज इट?"

मी हो म्हटलं.

मग नाशिकच्या हवेची चौकशी केली. सईला तिकडे मराठी लिहायला त्रास जाईल का, हे विचारलं. "शिकेल," शुभदा म्हणाली. निखिल टेप आणायला खाली गेला तेव्हा आम्ही दोघंच होतो, चांगली दहा मिनिटं. ती दोरी बांधत होती. एकदा थांबली आणि म्हणाली, "काही म्हणायचं होतं का, काका?"

"काही नाही. सामान जड आहे, जपून," मी म्हणालो, आणि चहाचा पेला कुठे ठेवायचा ते शोधायला लागलो.

बारा नंबरचं पुढे काय झालं ते मी नंतर इंटरनेटवर शोधलं. दोन उन्हाळे तो कुठल्याही क्लबाशी न जोडलेल्या एका लहान संघात खेळला. त्यानंतर त्याचं नाव कुठेच नाही. शुभदा आता पुण्यात असते असं ऐकतो. तिचा नंबर मला दोनदा मिळाला. एकदा फोन लावला, घंटा वाजली आणि तिने उचललाही. "हॅलो" ऐकून मी ठेवून दिला.

कागद अजून माझ्याकडे आहे. पेन्सिलीचं 'नंतर बघू' पुसट झालंय, पण वाचता येतं. त्या शनिवारी गाडीत पाठ केलेली वाक्यंही तशीच आहेत. ती अशी:

शुभदा, नियम माझा होता, पान मी बदललं, आणि तुझा कागद माझ्या खणात होता. तू त्या खोलीत विचारलंस तेव्हा तू कोणता कागद म्हणतेस ते मला माहीत होतं. मी चुकलो नाही, मी खोटं बोललो. मला माफ कर.